पॅलेस्टिनी समाजाचा अभ्यास: कुठून सुरू करायचा, काय कधी करायचं, कुठे चुकतं

प्रबंधांचे आराखडे वाचून देण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे येतं. पॅलेस्टाइनवरचा आराखडा आला की पान उलटण्याआधीच अंदाज येतो. 1917 च्या बाल्फोर जाहीरनाम्यापासून परवाच्या बातमीपर्यंतची शंभर वर्षं, त्यात युद्धं, करार, ठराव. पण दोनशे पानांत एकही पॅलेस्टिनी माणूस लग्न जुळवताना, बांधावरून भांडताना किंवा मुलाच्या परीक्षेची काळजी करताना दिसत नाही. समाजाचा अभ्यास म्हणून सुरू झालेलं काम वाटाघाटींच्या इतिवृत्तावर संपतं.

मेहनत भरपूर असते, क्रम चुकलेला असतो. म्हणून इथे क्रमच देतो आहे. एम.ए.चा प्रबंध असो, दीर्घ लेख असो की अभ्यासगटाची मालिका, तो चालेल. पहिल्या चार टप्प्यांना निदान सहा आठवडे द्या. ते उरकून पुढे गेलात तर सातव्या टप्प्यावरून मागे यावं लागतं, आणि तोवर विद्यापीठाची मुदत दारात येऊन उभी असते.

## टप्पा 1: ‘कोणते पॅलेस्टिनी?’ हे आधी लिहून काढा

कोरा कागद घ्या आणि चार रकाने आखा: कोण, कुठे, कोणत्या वर्षी, आणि हातात कोणतं ओळखपत्र. चौथा रकाना सगळे विसरतात. रोजचं आयुष्य मात्र त्याच्यावरच ठरतं.

वेस्ट बँकमधल्या नाब्लुसच्या माणसाकडे पॅलेस्टिनी प्राधिकरणाचं (तिथला मर्यादित पॅलेस्टिनी कारभार, टप्पा 5 पाहा) ओळखपत्र असतं, आणि जेरुसलेमला जायचं तर सहसा इस्रायली परवाना लागतो. पूर्व जेरुसलेमच्या बहुतेक पॅलेस्टिनींना इस्रायलने कायम रहिवाशाचा दर्जा दिला आहे, नागरिकत्व नाही. शहराबाहेर राहायला गेल्यास तो दर्जाही जाऊ शकतो. नाझरेथ किंवा उम्म अल-फहमचे पॅलेस्टिनी इस्रायलचे नागरिक आहेत आणि तिथल्या संसदेसाठी मत देतात, पण 1966 पर्यंत ते लष्करी प्रशासनाखाली राहत होते. जॉर्डनमधल्या बहुसंख्य पॅलेस्टिनींकडे तिथलं नागरिकत्व आहे. 1967 मध्ये गाझातून तिथे गेलेल्यांना मात्र ते सहसा मिळालेलं नाही. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या तिसऱ्या पिढीलाही घर-जमीन नावावर घेता येत नाही आणि बरेच व्यवसाय बंद आहेत. चिलीतल्या मोठ्या पॅलेस्टिनी समाजात बेथलेहेम, बेत जाला, बेत साहूरची ख्रिस्ती घराणी जास्त.

सावध: आपल्याकडचा हिंदू-मुस्लिम चष्मा इथे उतरवून ठेवा. पॅलेस्टिनी ख्रिस्ती आहेत, नकबच्या (नेगेव्हच्या) वाळवंटातले बदाऊनी, म्हणजे बेदुईन, आहेत, नाब्लुसलगतच्या गेरिझिम डोंगरावर शोमरोनी (समॅरिटन) लोकांची छोटी वस्ती आहे. ‘पॅलेस्टिनी म्हणजे मुस्लिम’ हे वाक्य आराखड्यात दिसलं की मी तिथेच पेन ठेवतो.

तपासा: प्रश्नातला ‘पॅलेस्टिनी’ शब्द काढून तिथे गाव आणि वर्ष घाला. ‘पॅलेस्टिनी कामगारांची स्थिती’ हा प्रश्न होत नाही. ‘1980 ते 1987 या काळात बेथलेहेमजवळच्या धेईशे छावणीतून इस्रायलमध्ये बांधकामावर जाणारे मजूर’ हा होतो.

## टप्पा 2: एक गाव धरा आणि त्याचे सगळे नकाशे गोळा करा

तुमचा विषय गावाचा नसला तरी हा सराव करा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी बत्तीर देतो. बेथलेहेमच्या पश्चिमेला डोंगरउतारावरचं हे गाव, दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतीसाठी प्रसिद्ध.

बत्तीरचे चार नकाशे लागतात. पहिला ब्रिटिश मॅंडेट काळातला, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर 1948 पर्यंतच्या ब्रिटिश कारभारातला, 1:20,000 प्रमाणातला सर्वेक्षण नकाशा. त्यात गाव जेरुसलेम उपजिल्ह्यात सापडतं, आजच्या यादीत बेथलेहेम प्रांतात. हे न कळल्यामुळे जुन्या तक्त्यांत गावच नाही असं समजून परत आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. दुसरा 1949 च्या युद्धबंदी रेषेचा. जाफा-जेरुसलेम रेल्वे 1892 पासून या खोऱ्यातून जाते आणि युद्धबंदी रेषा गावाच्या शिवारातूनच गेली. तोडगा असा निघाला की गावकऱ्यांनी रेषेपलीकडची आपली शेतं कसत राहावीत आणि रेल्वेला धक्का लागू देऊ नये. तिसरा इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या 1995 च्या दुसऱ्या ओस्लो कराराचा. त्याने वेस्ट बँकचे तीन भाग केले: ए (पॅलेस्टिनी कारभार), बी (पॅलेस्टिनी नागरी कारभार, सुरक्षा इस्रायलसह) आणि सी (पूर्ण इस्रायली ताबा). गावची बरीच जमीन सी क्षेत्रात गेली. चौथा संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाचा, म्हणजे आजच्या भिंती, नाके, इस्रायली वसाहती दाखवणारा.

चारही एकावर एक ठेवले की माणसं दिसायला लागतात. बत्तीरच्या झऱ्याचं पाणी आठ घराण्यांत पाळीने वाटलेलं आहे, म्हणून तिथला पाण्याचा आठवडा आठ दिवसांचा. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्याने पाहिली आहे त्याला ‘पाळी कोणाची’ या प्रश्नामागचं सगळं राजकारण लगेच कळेल. 2014 मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. बातम्यांत तेवढंच येतं, पाळीचं येत नाही.

जमिनीचं माप दुनम. आजचा दुनम 1000 चौरस मीटरचा, म्हणजे दहा गुंठ्यांना जेमतेम कमी. आपल्याला डोक्यात धरायला हे सोपं. पण उस्मानी (ऑटोमन तुर्की) काळातला दुनम सुमारे 919 चौरस मीटरचा होता, तेव्हा जुन्या आणि नव्या दस्तांतले आकडे तसेच्या तसे शेजारी मांडू नका.

सावध: ए, बी, सी क्षेत्रांचं 18, 22 आणि 60 टक्के हे प्रमाण सर्रास ‘1995 चं’ म्हणून छापलं जातं. सुरुवातीला ए क्षेत्र जेमतेम 3 टक्के होतं, पुढच्या हस्तांतरणांत वाढलं. पूर्व जेरुसलेम या वाटणीत येतच नाही आणि हेब्रॉनची 1997 ची वेगळी वाटणी आहे.

## टप्पा 3: नावांची वही घाला

दोनशे पानी वही पुरते. संगणकावर तक्ता केलात तर शोधायला बरं. एका गावाला एक ओळ. रकाने: अरबी लिपीतलं नाव, हिब्रू नाव, ब्रिटिश दस्तांतलं नाव, आणि तुम्ही मराठीत वापरणार ते रूप.

अल-कुद्स म्हणजे जेरुसलेम, अल-खलील म्हणजे हेब्रॉन, याफा म्हणजे जाफा, अक्का म्हणजे एकर. बेसान आज बेत शेआन आहे, लिद्द आज लोद. इथे मराठी वाचकाला एक अनपेक्षित दुवा सापडतो. महाराष्ट्रातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबांपैकी बरीच लोद आणि रामला या शहरांत स्थायिक झाली. तिथे मराठीत गप्पा मारता येतात. लिद्दच्या बहुतेक अरब रहिवाशांना जुलै 1948 मध्ये, इस्रायलच्या स्थापनेबरोबर पेटलेल्या युद्धात, शहराबाहेर घालवलं गेलं. एका शहराच्या या दोन गोष्टी कोणी मराठीत शेजारी-शेजारी लिहिल्या तर मला वाचायला आवडेल. मात्र बेने इस्रायली काकूंची मुलाखत ही पॅलेस्टिनी समाजाची मुलाखत होत नाही. हे सांगावं लागतं, कारण दोन आराखड्यांत ती तशी घातलेली होती.

माणसांच्या नावांनाही वेगळी ओळ द्या. महमूद अब्बास म्हणजे अबू माझिन, यासर अराफत म्हणजे अबू अम्मार. अबू म्हणजे अमक्याचा बाप, पण अराफत यांना अम्मार नावाचा मुलगा नव्हता, एक मुलगी होती. चळवळीतलं टोपणनाव आणि घरातलं नाव वेगळं असू शकतं. नाहीतर सूचीत एकच माणूस दोनदा येतो.

सावध: मराठी वर्तमानपत्रांतला ‘पश्चिम किनारपट्टी’ हा शब्द टाका. वेस्ट बँक हा जॉर्डन नदीचा पश्चिम तीर आहे. ‘किनारपट्टी’ म्हटलं की वाचकाला समुद्र दिसतो, आणि समुद्र आहे गाझाला. ‘वेस्ट बँक’ किंवा ‘पश्चिम तीर’ यांपैकी एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

## टप्पा 4: अरबी किती आणि कोणती

दोन अरबी शिकाव्या लागतात, एक वाचायची आणि एक ऐकायची. वर्तमानपत्रं, ठराव, कवितासंग्रह प्रमाण अरबीत. माणसं बोलतात ती बोली. प्रमाण अरबीचे दोन वर्ग करून गावात गेलेला विद्यार्थी आकाशवाणीच्या बातमीपत्रासारखा बोलतो आणि समोरच्याचं त्याला काही कळत नाही.

बोलीतही शहर, खेडं आणि बदाऊनी वस्ती ओळखू येते. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय. यातला घशातला क़ जुन्या शहरी बोलीत गळून नुसता गळ्याचा झटका उरतो, ‘आल्ब’सारखा. अनेक खेड्यांत त्याचा साधा क होतो, ‘कल्ब’. बदाऊनी ‘गल्ब’ म्हणतात. आता प्रमाण अरबीत ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. खेडूत माणसाचा घोटाळा होत नाही, कारण तो कुत्र्याला ‘चल्ब’ म्हणतो. घोटाळा होतो ध्वनिमुद्रण उतरवून घेणाऱ्याचा. म्हणून उतारा लिहिताना ऐकू आलं तसंच लिहा, ‘शुद्ध’ करू नका. तो उच्चारच बोलणाऱ्याचा गाव सांगतो.

मराठीत फारसीमार्गे आलेले अरबी शब्द मदत करतात आणि फसवतातही. ‘गरीब’ अरबीत परका किंवा विचित्र. ‘कायदा’ म्हणजे पाया किंवा नियम, आपल्या कायद्याला तिकडे ‘कानून’. ‘मुखत्यार’ म्हणजे वकीलपत्र दिलेला माणूस नव्हे, तो गावचा मुखिया, साधारण आपल्या जुन्या पाटलासारखा. ‘मुल्क’ हा जमिनीचा खाजगी मालकीचा प्रकार आणि ‘मिरी’ हा सरकारी मालकीचा, ज्यावर वहिवाटदाराचा हक्क चालायचा.

तपासा: उस्मानी कागदांवर हिजरी सन असतो, कधी रूमी (उस्मानी सरकारी सौर) सन. मोडी कागदांत शुहूर आणि फसलीचा हिशेब केलेल्यांना हे नवीन नाही. बाकीच्यांनी रूपांतर दोनदा करावं.

## टप्पा 5: संस्थांचा तक्ता, एका बसण्यात

हे लवकर होतं, पण न करता पुढे गेलात तर प्रत्येक पानावर चूक.

पीएलओ (पॅलेस्टाइन मुक्ती संघटना) 1964 ची, जगभरच्या पॅलेस्टिनींची प्रतिनिधी म्हणवणारी संघटना. तिची संसद म्हणजे पॅलेस्टिनी राष्ट्रीय परिषद. पॅलेस्टिनी प्राधिकरण 1994 चं, ओस्लोतून जन्मलेलं, वेस्ट बँक आणि गाझातल्या मर्यादित कारभारापुरतं. त्याची 2006 मध्ये निवडलेली विधान परिषद 132 जागांची होती, ती 2018 मध्ये विसर्जित झाली. फतह हा पीएलओतला सर्वांत मोठा गट. हमास 1987 च्या अखेरीस पहिल्या इंतिफादाबरोबर, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या उठावाबरोबर, आलेली संघटना, पीएलओच्या बाहेर. 2007 मध्ये गाझा हमासकडे आणि वेस्ट बँकमधला कारभार प्राधिकरणाकडे असे दोन तुकडे पडले. अब्बास 2004 पासून पीएलओचे, 2005 पासून प्राधिकरणाचे आणि 2009 पासून फतहचेही प्रमुख, त्यामुळे बातमीत ‘अब्बास म्हणाले’ असेल तर कोणती टोपी घालून म्हणाले ते शोधा. ओस्लोवर सही पीएलओची आहे. प्राधिकरणाची असणं शक्यच नाही, ते तेव्हा अस्तित्वात नव्हतं.

सर्वांत जास्त वेळा चुकीचं लिहिलं जाणारं वाक्य हे: ‘2006 मध्ये बहुसंख्य पॅलेस्टिनींनी हमासला मत दिलं.’ जागा पाहिल्या तर 132 पैकी हमासला 74, फतहला 45. पण निम्म्या जागा पक्षयादीवर होत्या आणि निम्म्या मतदारसंघांतून. यादीत हमासला सुमारे 44 टक्के मतं, फतहला 41, आणि जागा 29 विरुद्ध 28. फरक पडला मतदारसंघांत, 45 विरुद्ध 17. एकेका मतदारसंघात अनेक जागा होत्या, फतहचे बंडखोर अपक्ष उभे राहिले आणि मतं फुटली. आपल्याकडे बंडखोरीने पडलेले अधिकृत उमेदवार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना समजावून सांगायची गरज नाही. शिवाय लेबनॉन, जॉर्डन, चिलीतल्या कोणालाही या निवडणुकीत मत नव्हतं, आणि इस्रायलचे नागरिक असलेल्या पॅलेस्टिनींनाही नव्हतं. म्हणजे पहिल्या टप्प्यातला तक्ता इथे परत उघडावा लागतो.

## टप्पा 6: आकडे घेण्याआधी मोजणी कोणाची ते विचारा

पॅलेस्टिनी केंद्रीय सांख्यिकी विभागाच्या जनगणना 1997, 2007 आणि 2017 च्या. मॅंडेट काळातल्या दोन, 1922 आणि 1931 च्या. मधल्या दशकांसाठी जॉर्डन, इजिप्त आणि इस्रायल यांच्या वेगवेगळ्या मोजण्या. यांचा एकच आलेख काढायचा मोह होतो. काढू नका, हद्दी वेगळ्या आहेत.

पूर्व जेरुसलेमचे तेच लोक पॅलेस्टिनी विभाग वेस्ट बँकमध्ये धरतो आणि इस्रायली विभाग इस्रायलमध्ये. दोन्ही तक्ते सरळ मिळवलेत तर काही लाख माणसं दोनदा जन्माला येतात.

निर्वासितांचा आकडा त्याहून नाजूक. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची उन्र्वा ही संस्था नोंदणी मोजते, राहणारी माणसं नाही. लेबनॉनमध्ये तिच्याकडे साडेचार लाखांहून जास्त नावं होती. 2017 मध्ये तिथल्या छावण्या आणि वस्त्यांत प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा सुमारे 1,74,000 पॅलेस्टिनी भरले. कोणी खोटं बोललं नव्हतं. माणूस जर्मनीला गेला तरी नोंद राहते. तुम्हाला नोंद हवी आहे की माणूस, ते ठरवून त्याप्रमाणे आकडा घ्या आणि वाक्यात तसं लिहा.

जनमत चाचण्यांत रामल्लाच्या पॅलेस्टिनी धोरण व सर्वेक्षण संशोधन केंद्राच्या चाचण्या नियमित आणि उपयोगी आहेत. त्या वेस्ट बँक आणि गाझाच्या आहेत. ‘पॅलेस्टिनी जनतेचं मत’ असा मथळा त्यांच्यावर चढवू नका.

## टप्पा 7: संस्कृती शेवटच्या प्रकरणात कोंबू नका

बहुतेक आराखड्यांत शेवटी एक प्रकरण येतं: भरतकाम, दबके नाच, झैतून (ऑलिव्ह), मक्लूबा हा भात. रुखवतासारखं मांडून ठेवलेलं. हीच सामग्री पुरावा म्हणून वापरा.

तत्रीझ घ्या, बायकांच्या झग्यावरचं भरतकाम. 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, ते सोडा. एका झग्याला पाच प्रश्न विचारा. कापड कुठलं? अल-मजदलच्या (आजच्या अश्कलोनच्या) मागांवरचं असेल तर ते विणकर 1948 नंतर गाझात गेले. धागा कोणता? 1930 च्या दशकापासून फ्रेंच सुती धागा आणि त्याच्याबरोबर युरोपातली नमुन्यांची पुस्तकं आली, तेव्हा झग्यावरचं गुलाबाचं फूल ‘प्राचीन’ असेलच असं नाही. टाका कोणता? क्रॉस स्टिच सर्वत्र नव्हती, बेथलेहेमकडे रेशमी-जरीच्या दोऱ्या कापडावर अंथरून शिवायची रीत होती. नक्षी कोणत्या गावची? आणि भरलं कधी? पहिल्या इंतिफादात, पॅलेस्टिनी झेंडा लावायला बंदी असताना, बायकांनी झेंड्याचे रंग आणि नकाशा छातीवर भरून घेतले. ही पाच उत्तरं मिळाली की व्यापार, विस्थापन आणि लष्करी हुकूम एकाच वस्त्रावर वाचता येतात.

सावध: संग्रहालयातल्या चिठ्ठीवर ‘रामल्ला झगा’ असं असलं तर ते गाव शिवणारीचं, नेसणारीचं की विकणाऱ्याचं, हे विचारल्याशिवाय वापरू नका.

## टप्पा 8: माणसांशी बोलताना

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत ‘गाव’ असा एकच रकाना होता. छावणीत जन्मलेली, छावणीत वाढलेली विशीतली मुलं त्यात अशा गावाचं नाव सांगायची जे त्यांनी कधी पाहिलेलं नाही, आणि बरेचदा जे आता उभंही नाही. सगळ्या नोंदी वाया. लालबागमध्ये जन्मलेल्या माणसाला ‘गाव कोणतं?’ विचारलं तर तोही सावंतवाडी सांगतो. फरक इतकाच की त्याला गणपतीला एसटी मिळते. तेव्हापासून माझ्याकडे तीन रकाने असतात: मूळ गाव, जन्माचं ठिकाण, राहतं ठिकाण. तुम्हीही तीनच ठेवा.

पहिल्या भेटीत पक्ष विचारू नका, ध्वनिमुद्रण यंत्र काढू नका. कॉफी घ्या. घरात वडीलधारं कोण आहे ते पाहा. हमूला, म्हणजे मोठं घराणं, गावात अजूनही वजन राखून असतं, आणि एकाच घराण्यातल्या पाच मुलाखती म्हणजे पाच आवाज नव्हेत. संमती दोनदा घ्या, बोलण्याआधी आणि उतारा दाखवल्यावर. खरी नावं आणि मुलाखती एकाच फोनमध्ये ठेवू नका. नाक्यावर तुम्हाला थांबवलं तर तुम्ही सुटाल, पण नावं ज्यांची आहेत ते तिथेच राहणार आहेत.

बाहेरच्या संशोधकाला 2023 पासून गाझात जाऊन काम करणं जवळपास अशक्य झालं आहे. फोनवरून मुलाखत घ्यायची तर आधी स्वतःला विचारा की या माणसाची आज चार्जिंगची वेळ तुमच्या प्रबंधासाठी खर्च व्हावी का.

## टप्पा 9: जे सापडलं ते लगेच साठवा

हा टप्पा नवव्या क्रमांकावर आहे, पण रोज करायचा आहे. पॅलेस्टिनी कागदपत्रं विखुरलेली आहेत. मॅंडेटच्या वसाहत खात्याच्या फायली लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, सी.ओ. 733 या मालिकेत. याफाच्या ‘फलस्तीन’सारखी जुनी अरबी वर्तमानपत्रं इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर. घरगुती छायाचित्रं आणि पत्रं बिरझेतच्या पॅलेस्टिनी संग्रहालयाच्या डिजिटल दफ्तरात. पीएलओच्या बैरुतमधल्या संशोधन केंद्राचा संग्रह 1982 मध्ये इस्रायली सैन्याने उचलून नेला होता. 2023 नंतर गाझातली विद्यापीठं उद्ध्वस्त झाली किंवा त्यांची मोठी हानी झाली. काल उघडलेला दुवा उद्या उघडेल हे गृहीत धरू नका.

पान दिसलं की उतरवा. दोन ठिकाणी ठेवा. फाइलच्या नावात गाव, दस्ताचं वर्ष आणि उतरवल्याची तारीख घाला. ‘पॅलेस्टाइन फायनल 3’ अशा नावाची फाइल आली तर मी ती न उघडता परत पाठवतो.